हिपॅटायटिस सी विषाणूची जनुकीय विविधता: रक्ताच्या नमुन्यापासून वंशवृक्षापर्यंत

हिपॅटायटिस सी विषाणूच्या विविधतेचा अभ्यास करू पाहणारा नवा विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न जनुकीय क्रम वाचणाऱ्या यंत्राचा विचारतो: सँगर वापरू, इल्युमिना वापरू की नॅनोपोअर? माझा अनुभव असा आहे की यंत्रामुळे निष्कर्ष फसल्याची उदाहरणे फार थोडी असतात. बहुतेक वेळा घोटाळा त्याआधीच झालेला असतो, कारण यंत्रापर्यंत विषाणूच्या आरएनएचे नेमके किती रेणू पोहोचले हे कोणी मोजलेलेच नसते. सिक्वेन्सरने एका जागेवर दहा हजार रीड (वाचलेले तुकडे) दिले म्हणजे दहा हजार विषाणू तपासले गेले असे होत नाही. पन्नास रेणूंच्याच प्रती पुनःपुन्हा वाचल्या गेलेल्या असू शकतात. या लेखात प्रत्येक टप्प्याची माहिती देताना हा हिशेब सोबत ठेवला आहे. पीसीआर आणि संगणकाच्या कमांड लाइनची प्राथमिक ओळख वाचकाला आहे, असे मी गृहीत धरतो.

विषाणूची ओळख, कामापुरती

या विषाणूचा जीनोम म्हणजे सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइड लांबीचा, एकेरी धाग्याचा आरएनए. त्यावरून सुमारे ३,००० अमिनो आम्लांचे एक सलग बहुप्रथिन तयार होते आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने मिळतात: कोअर, ई१, ई२, पी७, एनएस२, एनएस३, एनएस४ए, एनएस४बी, एनएस५ए आणि एनएस५बी. यांपैकी एनएस५बी हे आरएनएची नक्कल करणारे विकर असून त्याला चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. रुग्णाच्या शरीरात रोज दहाच्या बाराव्या घाताइतके विषाणू तयार होतात, असा अंदाज आहे. नक्कल करताना होणाऱ्या चुका आणि ही प्रचंड संख्या यांचा गुणाकार केला की एका रुग्णातही एकसारखे विषाणू न सापडता परस्परांशी जवळचे नाते असलेल्या रूपांचा थवा का सापडतो, हे उमगते. या थव्याला क्वासिस्पीशीज म्हणतात.

विविधतेचे तीन स्तर वेगळे ठेवावेत. दोन जिनोटाइपमध्ये, म्हणजे विषाणूच्या मुख्य प्रकारांमध्ये, न्यूक्लिओटाइडच्या पातळीवर ३० टक्क्यांहून अधिक फरक असतो. एकाच जिनोटाइपच्या दोन उपप्रकारांत साधारण १५ ते २५ टक्के. आणि एका रुग्णातल्या थव्यात बहुतेक वेळा काही टक्क्यांपुरताच. आज आठ जिनोटाइप मान्य आहेत. आठव्याची कथा आपल्याला जवळची आहे. मूळच्या पंजाबमधील चार रुग्णांच्या नमुन्यांचा प्रकार बाजारात मिळणाऱ्या चाचण्यांना ठरवता आला नाही, म्हणून संपूर्ण जीनोम वाचण्यात आला. ते चारही क्रम आधीच्या सातही जिनोटाइपपासून ३० टक्क्यांहून अधिक दूर निघाले आणि २०१८ मध्ये त्यांची नोंद झाली. त्यामुळे भारतातील नमुन्यावर चाचणीने ‘अनिर्णीत’ असा शेरा दिला तर तो नमुना टाकून देऊ नये.

आधी प्रश्न, मग जीनोमचा भाग

जीनोमचा कोणता भाग वाचायचा हे प्रश्नावरून ठरते. ५′ यूटीआर हा जीनोमच्या सुरुवातीचा, प्रथिन न बनवणारा ३४१ न्यूक्लिओटाइडचा भाग सर्वांत स्थिर असतो, म्हणून विषाणू आहे की नाही आणि किती आहे हे पाहण्यासाठी तो उत्तम; पण त्याच्या याच स्थिरतेमुळे उपप्रकार ठरवण्यासाठी तो कुचकामी ठरतो. जिनोटाइप ६ च्या काही उपप्रकारांचा ५′ यूटीआर जिनोटाइप १ सारखाच दिसतो, त्यामुळे केवळ त्यावर भिस्त ठेवली तर ६ ला १ ठरवण्याची चूक सहज होते. ईशान्य भारतात जिनोटाइप ६ आढळत असल्याने आपल्याकडे हा धोका पुस्तकी नाही.

उपप्रकारासाठी दोन भाग जगभर रूढ आहेत: कोअर-ई१ मधील ८६९ ते १२९२ आणि एनएस५बी मधील ८२७६ ते ८६१५. हे क्रमांक एच७७ या संदर्भ विषाणूवरचे आहेत आणि प्रबंधात कोणताही स्थानक्रमांक लिहिताना तो एच७७ च्या हिशेबानेच द्यावा. शक्य असेल तर दोन्ही भाग वाचावेत. दोन वेगळ्या प्रकारांच्या संकरातून तयार झालेले विषाणू एकाच भागावरून ओळखू येत नाहीत. २००२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथून नोंदवलेला संकर कोअरकडच्या बाजूने २के आणि एनएस५बी कडच्या बाजूने १बी आहे. ज्याने एकच टोक वाचले, त्याचे उत्तर अर्धेच बरोबर आले.

औषध-प्रतिरोध पाहायचा असेल तर एनएस३, एनएस५ए आणि एनएस५बी हवेत. संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला हे शोधायचे असेल, किंवा रुग्णाच्या आतली विविधता मोजायची असेल, तर ई२ च्या सुरुवातीचा एचव्हीआर१ हा २७ अमिनो आम्लांचा पट्टा सर्वांत बोलका ठरतो. बहुप्रथिनातील ३८४ ते ४१० ही त्याची जागा, म्हणजे न्यूक्लिओटाइड १४९१ ते १५७१. नवा उपप्रकार जाहीर करायचा असेल तर मात्र पळवाट नाही: परस्परांशी संबंध नसलेल्या किमान तीन रुग्णांमधून संपूर्ण सांकेतिक (प्रथिन बनवणारा) भाग वाचावा लागतो.

नमुना

ईडीटीए नळीत घेतलेले रक्त वापरावे. हेपॅरिन पीसीआरला अडथळा करते. प्लाझ्मा शक्यतो सहा तासांच्या आत वेगळा करून लगेच पाचशे मायक्रोलिटरच्या छोट्या वाट्यांमध्ये विभागावा आणि उणे ८० अंशांवर ठेवावा. एकच मोठी नळी ठेवून दर वेळी ती वितळवणे हा काटकसरीचा सर्वांत महागडा प्रकार आहे, कारण दर वितळण्यागणिक लांब आरएनए तुटत जातो. विषाणूभार कमी दाखवणारी चाचणी आपल्याला सावध तरी करते. तुटलेला आरएनए मात्र लहान तुकड्याच्या चाचणीत भरपूर दिसतो आणि लांब तुकड्याच्या पीसीआरमध्ये गायब होतो. नमुना कोणत्या तारखेला घेतला, किती वेळा वितळला आणि विषाणूभार किती, या तीन गोष्टी प्रत्येक नळीमागे नोंदवहीत असाव्यात. संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती या गोष्टी अर्थातच याही आधीच्या.

नळीत किती रेणू पडले, याचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एका रुग्णाचा विषाणूभार मिलिलिटरला १,००,००० आंतरराष्ट्रीय एकक आहे असे धरू. आकडा ऐकायला भक्कम वाटतो. सोयीसाठी एक एकक म्हणजे एक रेणू मानू. प्रत्यक्षात चाचणीनुसार एका एककामागे दोन-तीन रेणूही असू शकतात, पण हिशेब हात राखून केलेला बरा.

नेहमीच्या किटमध्ये १४० मायक्रोलिटर प्लाझ्मा घेतला जातो, म्हणजे १४,००० रेणू. निष्कर्षणात, म्हणजे प्लाझ्मातून आरएनए काढताना, निम्मे हाती लागले तर ७,०००, तेही ६० मायक्रोलिटर द्रवात पसरलेले. त्यातले १० मायक्रोलिटर सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) बनवायला घेतले की उरतात सुमारे १,१६७. उलट-लिप्यंतरणात, म्हणजे ही प्रत बनवण्याच्या क्रियेत, पाचपैकी एका रेणूची पूर्ण प्रत निघाली, तर २३३. वीस मायक्रोलिटरच्या या अभिक्रियेतून पाच मायक्रोलिटर पीसीआरमध्ये घातले की शेवटी हाती येतात अवघे ५८ रेणू.

लाखाचे झाले अठ्ठावन्न. आता एखादे रूप रुग्णाच्या रक्तात ५ टक्के असेल, तर या ५८ रेणूंमध्ये ते किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के आहे. तेच रूप १ टक्का असेल तर ही शक्यता सुमारे ४४ टक्क्यांवर घसरते, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट. पुढे या जागेची खोली, म्हणजे तिच्यावरून गेलेल्या रीडची संख्या, दहा हजार असो वा लाख, त्याने काही फरक पडत नाही. लक्षात ठेवायला सोपा नियम असा की तीनला रेणूंच्या संख्येने भागावे. जे उत्तर येईल त्याहून कमी प्रमाणातल्या रूपाबद्दल ‘आढळले नाही’ असे खात्रीने म्हणू नये.

यावर उपाय साधे आहेत. अधिक प्लाझ्मा घ्यावा, आरएनए कमी द्रवात काढावा, सीडीएनएच्या एकाऐवजी चार नळ्या लावून नंतर त्या एकत्र कराव्यात आणि त्यातला जास्तीत जास्त भाग पीसीआरमध्ये न्यावा. ज्यांना काटेकोर मोजणीच हवी आहे, त्यांनी उलट-लिप्यंतरणाच्या प्रायमरला यादृच्छिक अक्षरांची शेपटी जोडावी. मग प्रत्येक मूळ रेणूला स्वतःचा शिक्का मिळतो, एकाच शिक्क्याच्या रीडवरून एकच एकमत-क्रम (प्रत्येक जागी बहुसंख्य रीडमधले अक्षर घेऊन बनलेला क्रम) काढता येतो आणि वेगळ्या शिक्क्यांची संख्या म्हणजे तपासलेल्या रेणूंची संख्या हे थेट कळते. पद्धत किचकट आहे आणि प्रायमरही महाग पडतात, पण अल्पांश रूपांवर काही ठोस विधान करायचे असेल तर माझ्या मते दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

सीडीएनए आणि पीसीआर

आरएनए वितळत्या बर्फावर ठेवावा, ६५ अंशांवर पाच मिनिटे तापवून त्याच्या घड्या उलगडाव्यात आणि लगेच थंड करावा. या विषाणूच्या आरएनएची दुय्यम रचना घट्ट असल्याने हा टप्पा गाळू नये. लहान तुकड्यासाठी यादृच्छिक षट्क-प्रायमर पुरतात. दोन-तीन हजारांपेक्षा लांब तुकडा हवा असेल तर विशिष्ट प्रायमर आणि उष्णतेत टिकणारे उलट-लिप्यंतरण विकर घ्यावे. पीसीआरसाठी साधे टॅक न वापरता चूक-दुरुस्तीची क्षमता असलेले उच्च-निष्ठ पॉलिमरेज घ्यावे, कारण टॅकने केलेल्या चुका पुढे विषाणूच्या विविधतेत जमा होतात. आवर्तनांची संख्या गरजेपेक्षा वाढवू नये. शेवटच्या आवर्तनांत अर्धवट प्रती एकमेकींना चिकटून निसर्गात नसलेले संकर तयार होतात.

प्रायमर हे विविधतेच्या अभ्यासातले सर्वांत लबाड प्रकरण आहे. जिनोटाइप १ वर बेतलेला प्रायमर ३बी वर चिकटला नाही, तर तो नमुना ‘निगेटिव्ह’ नोंदला जातो आणि विविधता आपोआप कमी दिसते. म्हणून प्रायमर ठरवताना आठही जिनोटाइपचे संदर्भ-क्रम शेजारी शेजारी लावून पाहावेत, विशेषतः प्रायमरच्या ३′ टोकाकडची शेवटची पाच अक्षरे. त्या पाचांत जुळणी बिघडली तर बाकीची पंधरा जुळूनही उपयोग होत नाही. गरज पडेल तिथे मिश्र अक्षरांचे प्रायमर वापरावेत आणि फसलेले नमुने कोणत्या प्रकारांचे निघतात, याची वेगळी नोंद ठेवावी.

नेस्टेड, म्हणजे पहिल्या फेरीच्या उत्पादनावर दुसरी फेरी लावणारा, पीसीआर करणाऱ्यांसाठी एक इशारा. पहिल्या फेरीच्या नळीत एकेका थेंबात कोट्यवधी प्रती असतात. झाकण उघडण्याआधी नळी क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाकणाला चिकटलेला थेंब खाली आणावा, गाळणीच्या टिपा वापराव्यात आणि हे काम अभिकर्मके तयार करण्याच्या खोलीत कधीही करू नये. मी काम करत असलेल्या एका प्रयोगशाळेत एकदा वंशवृक्षावर तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या रुग्णांचे एनएस५बी क्रम एकाच बिंदूवर येऊन बसले. दोन दिवस आम्ही ‘संसर्गाची साखळी’ सापडल्याच्या आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्या झाडात पॉझिटिव्ह कंट्रोलचा क्रम टाकला आणि तोही त्याच बिंदूवर जाऊन बसला. पहिल्या फेरीच्या नळ्या स्वच्छ खोलीत उघडल्या गेल्या होत्या, इतकेच कारण होते. तेव्हापासून कंट्रोलचे आणि प्रयोगशाळेत हाताळल्या जाणाऱ्या प्रत्येक प्लाझ्मिडचे क्रम झाडात घातल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष वाचत नाही. प्रत्येक तुकडीत निष्कर्षणापासूनच पाण्याचा एक निगेटिव्ह कंट्रोल असावा; फक्त पीसीआरच्या टप्प्यावर लावलेला कंट्रोल अर्धीच गोष्ट सांगतो.

वाचन: सँगर की पुढच्या पिढीचे तंत्र

प्रश्न फक्त उपप्रकाराचा असेल आणि नमुने मोजके असतील, तर सँगर आजही उत्तम. एनएस५बीचा साडेतीनशे अक्षरांचा तुकडा दोन्ही बाजूंनी वाचावा आणि आलेख डोळ्यांनी पाहावा. एकाच जागी दोन शिखरे एकावर एक दिसली आणि लहान शिखर मोठ्याच्या पाचव्या हिश्शाहून उंच असेल, तर ते मिश्रण बहुधा खरे असते. सँगरला साधारण १५ ते २० टक्क्यांखालचे रूप दिसत नाही. एचव्हीआर१ मध्ये मात्र सँगर थेट लावून काही हाती लागत नाही, तिथे शिखरांची नुसती गर्दी होते.

संपूर्ण जीनोम हवा असेल तर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांचे पीसीआर. स्वस्त, कमी विषाणूभारातही चालणारा, पण प्रायमर न जुळल्यास मध्येच भोक पडणारा. दुसरा म्हणजे सर्व जिनोटाइपवर बेतलेल्या प्रोबने विषाणूचे तुकडे पकडून आणणे. प्रोब लांब असल्याने थोडी विजोड अक्षरे ते खपवून घेतात, म्हणून अनोळखी उपप्रकारांसाठी मला हा मार्ग सर्वांत पसंत आहे. तिसरा म्हणजे नमुन्यातला सगळाच आरएनए वाचणे; त्यात पक्षपात सर्वांत कमी, पण विषाणूभार चांगला नसेल तर बहुतेक रीड माणसाच्याच निघतात. या तिसऱ्या मार्गात निष्कर्षणाच्या किटमधला कॅरिअर आरएनए (निष्कर्षण सुधारण्यासाठी बाहेरून घातलेला) टाळावा, कारण तोही वाचला जातो.

इल्युमिनाचे रीड अचूक पण लहान. नॅनोपोअरचे लांब, त्यामुळे दोन दूरचे बदल एकाच विषाणूवर आहेत का हे त्यात दिसते, मात्र सलग एकसारख्या अक्षरांच्या जागी त्याची मोजणी चुकू शकते. इल्युमिनावर अनेक नमुने एकत्र चालवताना प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना स्वतंत्र, न दुहेरावणारे इंडेक्स (नमुना ओळखण्याच्या खुणेची अक्षरे) द्यावेत. अन्यथा भरघोस विषाणूभाराच्या नमुन्याचे काही रीड शेजारच्या नमुन्यात जाऊन बसतात आणि तिथे ‘अल्पांश रूप’ म्हणून मिरवतात.

संगणकावरचे काम

क्रम असा ठेवावा. प्रथम फास्टपीसारख्या साधनाने ॲडॅप्टर आणि कमी दर्जाची टोके कापावीत. मग बोटाय२ वापरून मानवी जीनोमशी जुळणारे रीड काढून टाकावेत. उरलेल्या रीडमधून स्पेड्सने संदर्भाशिवाय जुळणी करून लांब तुकडे बांधावेत आणि ते ब्लास्टने तपासून सर्वांत जवळचा संदर्भ निवडावा. यानंतरच बीडब्ल्यूए-मेम किंवा, लांब रीड असतील तर, मिनिमॅप२ वापरून रीड त्या संदर्भावर बसवावेत, एकमत-क्रम काढावा आणि त्याच एकमत-क्रमाला नवा संदर्भ मानून रीड पुन्हा एकदा बसवावेत.

हा दुहेरी खटाटोप कशासाठी, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका विद्यार्थ्याने ३ए चे सगळे नमुने थेट एच७७ वर, म्हणजे १ए वर बसवले होते आणि सर्व रुग्णांच्या ई२ मध्ये ‘विलोपन’ आढळल्याचे कळवले. आयजीव्ही (बसवलेले रीड दाखवणारे साधन) उघडून पाहिले तर १४९१ च्या आसपास हजारोंची खोली एकाएकी शून्यावर येत होती आणि पुढे काही अंतरावर पुन्हा चढत होती. विलोपन कुठेच नव्हते. एचव्हीआर१ मधले रीड संदर्भापासून इतके वेगळे होते की ते बसलेच नव्हते. संदर्भ बदलताच भोक भरले. उतारावरचे रीड अर्धे कापलेले दिसत असतील तर गडबड संदर्भात आहे, असे समजावे.

तुकड्यांच्या पीसीआरवरून आलेल्या माहितीत प्रायमरची अक्षरे आयव्हारने छाटावीत. ती अक्षरे आपण बाजारातून मागवलेली असतात, रुग्णाच्या विषाणूची नसतात. जिथे खोली वीसहून कमी असेल तिथे एकमत-क्रमात ‘एन’ (अक्षर माहीत नाही) लिहावा. तिथे संदर्भातले अक्षर भरून टाकण्याचा मोह आवरावा, कारण तसे केल्यास आपलेच नमुने संदर्भाच्या जवळ सरकतात. शेवटी बहुप्रथिनाचे भाषांतर करून पाहावे. मध्येच थांबा-संकेत आला तर बहुतेक वेळा एखादे अक्षर गळलेले किंवा वाढलेले असते.

उपप्रकार आणि वंशवृक्ष

एचसीव्ही-ग्लू, जीनोम डिटेक्टिव्ह किंवा जीनो२फीनो या जालावरच्या साधनांत क्रम टाकला की उपप्रकार मिळतो. दोन साधनांची उत्तरे जुळली नाहीत तर तो नमुना बाजूला काढून हाताने झाड बांधावे. त्यासाठी प्रत्येक उपप्रकाराचे मान्य संदर्भ, शिवाय ब्लास्टने मिळालेले जवळचे दहा-वीस क्रम आणि भारतातून जमा झालेले क्रम घ्यावेत. संरेखन मॅफ्टने करून कोडॉनच्या चौकटीत आहे ना, हे डोळ्यांनी तपासावे. झाडासाठी आयक्यू-ट्रीला प्रतिरूप स्वतःच निवडू द्यावे आणि अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (गाठ किती भक्कम हे सांगणारा आकडा) ९५ किंवा त्याहून अधिक असलेल्या गाठींवरच बोट ठेवावे. संपूर्ण सांकेतिक भागावर दोन क्रमांत १३ टक्क्यांहून कमी फरक असेल तर ते सहसा एकाच उपप्रकारातले, १५ टक्क्यांहून अधिक असेल तर वेगळे. १३ ते १५ च्या मधली जागा जवळजवळ रिकामी असते. तिथे एखादा नमुना आला तर आधी संकर तपासावा, आणि त्यासाठी जीनोमवर तीन-चारशे अक्षरांची खिडकी सरकवत प्रत्येक खिडकीत जवळचा नातेवाईक कोण, हे पाहावे.

आपल्याकडे ‘जिनोटाइप ३’ एवढेच लिहून थांबण्याची सवय आहे. भारतात हाच जिनोटाइप सर्वाधिक आढळतो, त्यामुळे उपप्रकार लिहिणे अधिकच गरजेचे. ३ए मध्ये एनएस५ए च्या ३० व्या जागी सहसा ॲलानिन असते. ३बी मध्ये त्या जागी लायसिन आणि ३१ व्या जागी मेथिओनिन मुळातच असतात, आणि ही जोडी एनएस५ए-रोधक औषधांची पकड ढिली करते. म्हणजे ‘३’ या एका अंकाखाली औषधाला वेगळा प्रतिसाद देणारे दोन विषाणू लपतात.

प्रतिरोधाचे बदल वाचताना

एनएस५ए च्या ९३ व्या जागचे उदाहरण घ्या. एच७७ वर ही जागा ६५३४ ते ६५३६ आहे. तिथे टायरोसिनचा संकेत टीएटी किंवा टीएसी असतो आणि पहिल्या ‘टी’ चा ‘सी’ झाला की हिस्टिडिन मिळते. एका अक्षराचा, तोही विषाणूला सहज जमणारा बदल असल्याने वाय९३एच (९३ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन) वारंवार दिसतो. याउलट ३ए मधला ए३०के घडायला दोन अक्षरे बदलावी लागतात, म्हणून तो उपचाराच्या काळात एकाएकी उपटण्यापेक्षा त्या वंशात आधीपासून असण्याची शक्यता अधिक. सोफोसबुव्हिर या एनएस५बी-रोधक औषधाशी संबंधित एस२८२टी विरळा, कारण त्याने विषाणूची वाढण्याची ताकदच खालावते. अहवालात १५ टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेले बदल देण्याची पद्धत रूढ आहे. त्याहून खालचे बदल उपचाराच्या निर्णयासाठी देऊ नयेत, आणि संशोधनासाठी दिल्यास सोबत रेणूंची संख्या द्यावी.

रुग्णाच्या आतली विविधता

इथे सर्वाधिक वापरले जाणारे मोजमाप म्हणजे शॅननची एन्ट्रॉपी आणि न्यूक्लिओटाइड विविधता. पहिले मोजमाप रूपांची संख्या व त्यांची वाटणी पाहते, दुसरे कोणत्याही दोन रेणूंत सरासरी किती अक्षरे वेगळी आहेत हे पाहते. दोन्हींपैकी दुसऱ्यावर माझा अधिक भरवसा आहे, कारण वाचनातल्या फुटकळ चुका रूपांची संख्या भराभर फुगवतात, पण सरासरी अंतराला फारशा हलवत नाहीत. लोफ्रेकसारख्या साधनाने बदल शोधल्यावर एकच अट लावावी: त्याच आरएनएपासून स्वतंत्रपणे केलेल्या दोन पीसीआरमध्ये जो बदल दिसतो तोच खरा धरायचा. दोन रुग्णांची तुलना करायची असेल तर रीडची संख्या समान करून पुरत नाही, मूळ रेणूंची संख्या जवळपास समान असावी लागते. वर केलेला ५८ चा हिशेब इथे पुन्हा उघडावा. जास्त विषाणूभाराच्या रुग्णात ‘जास्त विविधता’ आढळल्याचे निष्कर्ष मी नेहमी याच संशयाने वाचतो.

संसर्गाचा माग

एचव्हीआर१ च्या थव्यांची तुलना करून दोन रुग्णांतले सर्वांत जवळचे रूप किती अंतरावर आहे, हे पाहतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या घोस्ट या प्रणालीत ३.७७ टक्क्यांची सीमा वापरली जाते. सीमेच्या आत आले म्हणजे दोघांचा संसर्ग जोडलेला असण्याची शक्यता आहे, एवढेच म्हणता येते. कोणी कोणाला दिला हे त्यावरून ठरत नाही आणि मध्ये तिसरी व्यक्ती असू शकते.

या कामात स्थानिक तुलना-नमुने नसतील तर सगळा डोलारा कोसळतो. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे एका भूलतज्ज्ञामुळे झालेल्या संसर्गाच्या न्यायालयीन तपासात सुमारे ४,२०० क्रम वाचण्यात आले आणि ३२२ संशयित रुग्णांबरोबर त्याच भागातले ४४ असंबंधित रुग्णही घेण्यात आले. त्या तुलनेमुळेच ४७ जणांना साथीतून वगळता आले आणि २७५ जणांचा संबंध दाखवता आला. एखाद्या तालुक्यात मुळातच एकच उपप्रकार फिरत असेल, तर तेथील कोणतेही दोन रुग्ण झाडावर शेजारी दिसणारच. डायलिसिस केंद्रातला संसर्ग तपासताना त्या केंद्राशी संबंध नसलेले, पण त्याच जिल्ह्यातले नमुने मिळवण्यात जेवढा वेळ जाईल तो जाऊ द्यावा.

जमा करताना

एकमत-क्रम जेनबँकेत आणि मूळ रीड एसआरए या सार्वजनिक रीड-संग्रहामध्ये किंवा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवता येतात. मूळ रीड पाठवण्याआधी मानवी रीड काढलेली फाइलच जात आहे, याची पुन्हा खात्री करावी; त्या रीडमध्ये रुग्णाची स्वतःची जनुकीय ओळख असते. नमुन्याच्या नावात रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक किंवा आद्याक्षरे नसावीत. सुईने नशा करणाऱ्या व्यक्तींचे नमुने असतील तर गावाचे नाव न देता राज्य आणि वर्ष एवढेच द्यावे, कारण लहान गावात वय, लिंग आणि तारीख यांवरून माणूस ओळखू येतो. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक नमुन्यापुढे विषाणूभार, घेतलेला प्लाझ्मा, पीसीआरमध्ये पोहोचलेल्या रेणूंचा अंदाज, वापरलेले प्रायमर, सरासरी खोली आणि ‘एन’ ची टक्केवारी हे सहा रकाने द्यावेत. परीक्षकाने मागितले नसले तरीही.